चूक कबूल केली, आता नोकरीचं काय?

चाकण, भोसरी, तळवडे, पिंपरी या पट्ट्यात कामगार एक प्रश्न फार वेळा विचारतात. "साहेबांनी विचारलं, मी खरं ते सांगून टाकलं, लिहूनही दिलं. आता काढतील का?" विचारणाऱ्याने मनात उत्तर आधीच ठरवलेलं असतं. आपण कबूल केलं म्हणजे आता बोलायला तोंड उरलं नाही, चार्जशीट आली की घ्यायची आणि निकालाची वाट बघायची. बाजूच्या मशीनवरचा मित्रही तेच सांगतो, "लिहून दिलंस ना, मग संपलं."

संपत नाही. कबुली दिल्यावरही कायद्याच्या नजरेत बरंच काही शिल्लक राहतं. ज्याने खरं सांगितलं, त्याचं पुढचं बरंचसं नुकसान त्यानंतर गप्प बसल्यामुळे होतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या प्रकरणात कबुलीनंतरच्या रस्त्याचा एकेक टप्पा पाहू.

१. कबुलीने नेमकं काय मिटतं?

शिस्तभंगाच्या कोणत्याही प्रकरणात तीन प्रश्न असतात. ती गोष्ट घडली का? जे घडलं ते गैरवर्तन ठरतं का, आणि ठरत असेल तर कोणत्या प्रकारचं? त्याला शिक्षा किती?

तुमचा बैल शेजाऱ्याच्या रानात शिरला हे तुम्ही मान्य केलंत, तरी फाटक कोणी उघडं टाकलं होतं, पीक किती खाल्लं आणि भरपाई किती द्यायची, हे अजून ठरायचं असतं. कारखान्यातल्या कबुलीचं असंच आहे. ती पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. उरलेले दोन प्रश्न तसेच उघडे राहतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खराबवाडीजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये एक क्वालिटी इन्स्पेक्टर सेकंड शिफ्टला आहे. दर दोन तासांनी पाच नग गेज लावून तपासायचे आणि चेकशीट भरायची, हे त्याचं काम. एके रात्री त्याने दोन वेळचे आकडे न मोजताच लिहिले. नेमका त्याच लॉटमधला माल ग्राहकाच्या लाइनवर अडकला, रिजेक्शन आलं. दुसऱ्या दिवशी विचारल्यावर तो म्हणाला, "हो, मी न मोजता भरलं."

पहिला प्रश्न इथे मिटला. पण त्या शिफ्टला माणूस कमी होता म्हणून त्याला पॅकिंगलाही उभं केलं होतं का? हे त्याने पहिल्यांदाच केलं की नेहमीचं होतं? रिजेक्शन त्याच दोन तासांतल्या मालाचं होतं की आधीच्या शिफ्टचं? त्याला नव्या पार्टचं प्रशिक्षण मिळालं होतं का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्या "हो"मध्ये नाही.

दुसरा प्रश्न तर फारच नाजूक आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे ज्या कारखान्याने स्वतःचे वेगळे नियम मंजूर करून घेतलेले नाहीत त्याला लागू होणाऱ्या सरकारी नमुना नियमांत, गैरवर्तनांची यादी दिलेली आहे. मालकाच्या व्यवसायासंबंधात चोरी, फसवणूक किंवा अप्रामाणिकपणा हे त्यातलं एक गैरवर्तन आहे. कामात हयगय हे दुसरं. पण हयगयीपुढे एक विशेषण आहे: ती सवयीची किंवा गंभीर स्वरूपाची असावी लागते. म्हणजे आपल्या इन्स्पेक्टरच्या चार्जशीटवर "खोट्या नोंदी करून कंपनीची फसवणूक" लिहिलंय की "कामात निष्काळजीपणा", यावर त्याचं सगळं भवितव्य टांगलेलं असतं. त्याने न मोजल्याची कबुली दिली आहे, फसवणुकीची नाही. "मी न मोजता भरलं" या वाक्यातून "मी कंपनीला फसवलं" आपोआप निघत नाही. उत्तर देताना हा फरक त्याने स्वतः लिहायला हवा. दुसरं कोणी तो त्याच्यासाठी लिहिणार नाही.

तुमच्या कारखान्याचे स्थायी आदेश तुम्हाला ठाऊक नसतील, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र ते गुप्त कागद नाहीत. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने ते कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी किंवा जवळपास, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, फलकावर लावणं मालकावर बंधनकारक केलं होतं.

२. कबुली कोणाला दिली, कशी दिली?

सगळ्या कबुल्या एका तोलाच्या नसतात. गेटवर सिक्युरिटी ऑफिसरने लिहून घेतलेला जबाब, एचआरच्या टेबलावर लिहिलेला माफीनामा, कारणे दाखवा नोटिशीला दिलेलं उत्तर आणि चौकशी अधिकाऱ्यासमोर, आरोप वाचून दाखवल्यानंतर दिलेला होकार, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटची सर्वात वजनदार, कारण तेव्हा आरोप काय आहे हे तुम्हाला कळलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने याविषयी निरनिराळ्या काळात जे सांगितलं, ते एकत्र ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. १९६१ मध्ये तत्कालीन मध्य भारतातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की कबुली स्पष्ट आणि निःसंदिग्ध हवी. इकडचं-तिकडचं एखादं वाक्य उचलून, रीतसर चौकशी न करता माणसाला काढणं योग्य ठरत नाही. २००९ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या एका शिपायाचं प्रकरण आलं. बँकेकडे मुख्य आधार होता तो पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीजबाबाचा. तो कागद सिद्ध करणारा साक्षीदारच चौकशीत तपासलेला नव्हता. न्यायालयाने बडतर्फी टिकू दिली नाही. चौकशीला न्यायालयातल्या पुराव्याचे काटेकोर नियम लागू नसले, तरी काहीतरी पुरावा लागतोच, आणि कागद नुसता फाइलला लावल्याने पुरावा होत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. म्हैसूर राज्यातला एक पोलीस शिपाई रजेशिवाय गैरहजर राहून उपोषणाला बसला होता. घडलेलं सगळं त्याला मान्य होतं, फक्त "मी दोषी नाही" असं त्याचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, ज्या घटना तुम्ही मान्य करता त्यातूनच गैरवर्तन सिद्ध होत असेल, तर "दोषी नाही" या शब्दांनी फरक पडत नाही. दिल्ली परिवहन महामंडळाच्या एका कंडक्टरच्या खटल्यात २००४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कबुली हा कबूल करणाऱ्याविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा असतो. मात्र ती का ग्राह्य धरू नये हे दाखवण्याची मुभा त्याला असते.

या शेवटच्या वाक्यात वाट आहे. दबावाखाली लिहिलं असेल, कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, इंग्रजीत लिहिलेला मजकूर न वाचता सही केली असेल, तर ते लगेच आणि लेखी कळवायला हवं. "रात्री दहा ते दोन मला टाइम ऑफिसात बसवून ठेवलं आणि अमुक अधिकाऱ्याने सांगितलेला मजकूर मी लिहिला" असं दुसऱ्याच दिवशी लिहिणं आणि बडतर्फीनंतर सहा महिन्यांनी वकिलाच्या नोटिशीत पहिल्यांदा म्हणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि जे खरोखर स्वखुशीने लिहिलं, ते दबावाखाली लिहिलं म्हणू नये. खोटं माघारपत्र पहिल्या कबुलीपेक्षा जास्त घात करतं.

चोरीचा आरोप असेल तर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. कंपनीच्या माणसाला लिहून दिलेला कबुलीजबाब पुढे फौजदारी न्यायालयातही वापरला जाऊ शकतो. तिथे एक अक्षर लिहिण्याआधी वकिलाशी किंवा युनियनच्या जाणत्या माणसाशी बोलायलाच हवं.

३. कबूल केल्यावर चौकशीची गरजच काय?

एचआरमधली तरुण मुलंही हा प्रश्न विचारतात. चार्जशीट दिली, आरोप समजेल अशा भाषेत वाचून दाखवले आणि कामगाराने चौकशी अधिकाऱ्यासमोर ते निःसंदिग्धपणे मान्य केले, तर साक्षीदार तपासत बसण्याची गरज उरत नाही. इथवर कंपनीचं म्हणणं बरोबर असतं.

चार्जशीटच न देता, आदल्या दिवशीच्या माफीनाम्यावरून थेट "सेवा समाप्त" असं पत्र हातात ठेवणं मात्र चालत नाही. आदर्श स्थायी आदेशांनुसार दंड, शिक्षा म्हणून निलंबन किंवा बडतर्फी करायची असेल तर आरोपपत्र द्यावं लागतं, खुलासा मागवावा लागतो. कामगाराला त्याच खात्यातला सहकारी किंवा तो सभासद असलेल्या युनियनचा पदाधिकारी बचावासाठी सोबत घेता येतो. साक्षीदार आणता येतात, कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करता येते. चौकशी इंग्रजी, हिंदी किंवा मराठीत, कामगार सांगेल त्या भाषेत चालवावी लागते. लातूरहून किंवा नांदेडहून आलेल्या आयटीआयच्या पोरापुढे इंग्रजी कागदांची चळत सरकवून "इथे सही कर" म्हणणं म्हणजे चौकशी नव्हे, आणि तसं म्हणायचा अधिकार त्या पोराला आहे.

चौकशी संपल्यावर अहवाल तयार होतो. शिक्षा ठरवण्याआधी त्याची प्रत कर्मचाऱ्याला मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्ये हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितलं, आणि हे तत्त्व सरकारीच नव्हे तर खासगी आस्थापनांनाही लागू केलं. ज्याने कबुली दिली आहे, त्याच्यासाठी ही प्रत फार मोलाची. आपण कबूल केलं होतं एक आणि अहवालात सिद्ध धरलंय दुसरंच, हे तिथेच सापडतं.

कंपनीने वकील किंवा कायद्याचं शिक्षण घेतलेला अधिकारी उभा केला असेल, तर कर्मचाऱ्यालाही वकिलाची मदत नाकारता येणार नाही, हे मुंबई बंदराच्या विश्वस्तांच्या १९८३ च्या खटल्यात ठरलेलं आहे.

४. घरी बसवलं, मग घर कसं चालवायचं?

आपल्याकडे "सस्पेंड केलं" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि त्यातून फार गोंधळ होतो. एक निलंबन ही शिक्षा आहे. आदर्श स्थायी आदेशांत ती जास्तीत जास्त चार दिवसांची, आणि त्या दिवसांचा पगार जातो. दुसरं निलंबन चौकशी चालू असतानाचं. ती शिक्षा नसते, म्हणून त्या काळात निर्वाह भत्ता द्यावाच लागतो.

महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतलं गणित असं आहे. पहिले ९० दिवस निम्मं वेतन, पुढचे ९० दिवस पाऊण, आणि १८० दिवसांनंतरही निलंबन चालूच राहिलं तर पूर्ण वेतन. समजा, मूळ वेतन आणि महागाई भत्ता वगैरे मिळून महिन्याला २४,००० रुपये होतात. तर पहिले तीन महिने दरमहा १२,०००, पुढचे तीन महिने १८,०००, आणि सातव्या महिन्यापासून २४,०००. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र आधी निम्मं आणि ९० दिवसांनंतर पाऊण, असा हिशेब आहे. निलंबनाच्या तारखेपासून सामान्यतः ९० दिवसांत चौकशी पुरी करावी, असंही ती सांगते.

हा भत्ता कंपनीची मेहेरबानी नाही. एके काळी महाराष्ट्र सरकारच्याच सेवा नियमांत एक तरतूद होती: फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या निलंबित कर्मचाऱ्याचं अपील चालू असताना त्याला महिना एक रुपया निर्वाह भत्ता. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एका रुपयात माणूस जगत नाही, इतकं साधं कारण त्यामागे होतं. कोलारच्या भारत गोल्ड माइन्सच्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला निलंबनाच्या काळात भत्ता मिळाला नाही, त्यामुळे दूरच्या चौकशीला तो पोहोचू शकला नाही. त्याच्या गैरहजेरीत झालेली ती चौकशी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. भत्ता थांबला असेल तर तसं दर महिन्याला लेखी मागत राहा. चौकशीला जाणं मात्र स्वतःहून सोडू नका.

५. झोपलेल्या माणसांचे दोन खटले

आता तिसरा प्रश्न, शिक्षेचा. कबुली देणाऱ्याची खरी लढाई इथे असते, आणि ही लढाई कशी चालते हे समजायला दोन निकाल पुरेसे आहेत. दोन्ही महाराष्ट्रातले आहेत आणि दोन्हीत आरोप एकच, कामावर झोपणं.

पहिला पुण्याच्या भारत फोर्जचा. २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एक हेल्पर कामाच्या जागी लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला आढळला. चौकशी झाली, बडतर्फ झाला. कामगार न्यायालयाला शिक्षा फार कठोर वाटली आणि त्याने कामावर परत घेण्याचा आदेश दिला. प्रकरण वर जात जात सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि १८ जानेवारी २००५ रोजी निकाल लागला. बडतर्फी कायम. झोपेच्या त्या सकाळपासून एकवीस वर्षं उलटून गेली होती.

दुसरा कलर-केम या कंपनीचा, निकाल १९९८ चा. रात्रपाळीत पहाटे साडेतीनच्या सुमारास कामगार झोपलेले सापडले, यंत्र चालू होतं. इथे न्यायालय म्हणालं, एवढ्या गोष्टीसाठी नोकरीवरून काढणं मनाला धक्का बसावा इतकं जास्त आहे. अशी बेसुमार शिक्षा म्हणजे कामगाराचा छळच, आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार ती अनुचित कामगार प्रथा ठरते. कामगार परत कामावर आले.

एकच आरोप, निकाल उलटे. फरक कुठून आला? भारत फोर्जच्या हेल्परच्या नावावर याआधी तीन वेळा गैरवर्तन सिद्ध झालेलं होतं आणि तीनही वेळा किरकोळ शिक्षेवर सोडलं होतं. चौथ्या वेळी न्यायालयाने हा जुना हिशेब मोजला आणि निव्वळ सहानुभूतीपोटी न्यायालयाने मालकाच्या निर्णयात हात घालू नये, असं सांगितलं.

यातून कामगाराने काय घ्यावं? आदर्श स्थायी आदेश सांगतात की शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य, आधीचा सेवेचा इतिहास आणि दोष कमी किंवा जास्त करणारी परिस्थिती विचारात घ्यावी. कबुली ही दोष हलका करणारीच परिस्थिती आहे. पण तुम्ही ती तशी मांडली नाही, तर कोणी मोजत नाही. दहा वर्षांत एकही मेमो नाही, डबल शिफ्ट करून आल्याची हजेरीतली नोंद, विचारल्याबरोबर खरं सांगितलं म्हणून सदोष लॉट वेळेत बाजूला काढता आला, अशा गोष्टी कागदावर यायला हव्यात. त्याच वेळी जुने मेमो "नुसत्या वॉर्निंगा आहेत" म्हणून हलके घेऊ नका. आज न वाचता सही केलेली वॉर्निंग पाच वर्षांनी तुमच्याविरुद्ध उभी राहते.

व्यवस्थापनालाही इथे एक सांगावंसं वाटतं. ज्या कारखान्यात खरं बोलणाऱ्याला आणि लपवणाऱ्याला एकच शिक्षा होते, तिथे पुढच्या वेळी कोणी खरं बोलत नाही. गेज न लावलेला पार्ट थेट गाडीत बसतो आणि गाडी रस्त्यावर जाते. कबुलीला शिक्षेत सूट देणं हा दयाळूपणा वाटत असेल, पण गुणवत्तेचं गणितही तेच सांगतं.

अर्थात काही प्रकरणांत कबुली शिक्षा कमी करत नाही. गुजरातमधल्या काक्रापार अणुवीज केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने १९९४ च्या पुराच्या वेळी केंद्रात पाणी शिरल्याची माहिती वृत्तपत्राला कळवली आणि चौकशीत आरोप विनाअट मान्य केले. त्याची नोकरी गेली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती परत दिली नाही. लोकहितासाठी बोलल्याचं त्याचं म्हणणं उपयोगी पडलं नाही. विनाअट कबुलीचं वजन केवढं असतं, हे या निकालावरून कळतं.

६. "राजीनामा दे, म्हणजे डाग लागणार नाही"

कबुलीनंतर हे वाक्य हमखास येतं. कधी कधी सल्ला खरंच भल्यासाठी असतो. नवी नोकरी शोधताना बडतर्फीचा शिक्का नको, हे समजण्यासारखं आहे. पण त्याच खोलीत, त्याच तासात राजीनामा लिहू नका. राजीनामा स्वखुशीचा धरला जातो. तो जबरदस्तीचा होता हे सिद्ध करणं फार अवघड. "घरी विचारून उद्या सांगतो" इतकं म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

राजीनाम्याचा निर्णय घेण्याआधी पैशाचा हिशेब समजून घ्या. पीएफ तुमचा आहे, बडतर्फीनेही तो जात नाही. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात तरतूद होती, की कामगाराच्या कृत्याने मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती ग्रॅच्युइटी रोखता येते. आणि दंगा, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी सेवा संपवली असेल तर ती अंशतः किंवा पूर्ण जप्त करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, त्यासाठी फौजदारी न्यायालयात शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. त्याच निकालात आपल्या एसटी महामंडळाच्या कंडक्टरांचीही प्रकरणं होती, भाड्याच्या पैशांच्या अपहाराची. रक्कम अगदी लहान होती, म्हणून तिथे न्यायालयाने जप्ती ग्रॅच्युइटीच्या २५ टक्क्यांपुरतीच ठेवली. म्हणजे इथेही शिक्षेचं माप पाहिलं जातं. आपल्या इन्स्पेक्टरच्या चार्जशीटवर "फसवणूक" की "निष्काळजीपणा", हा शब्द इथे पुन्हा पैशांत मोजला जातो.

७. ज्यांच्यापर्यंत चार्जशीट पोहोचतच नाही

वर सांगितलेलं सगळं पर्मनंट कामगाराला धरून आहे. चाकण, महाळुंगे, निघोजेच्या कारखान्यांत मात्र कंत्राटी कामगार, ट्रेनी आणि अप्रेंटिस मोठ्या प्रमाणावर लाइनवर उभे असतात. त्यांच्या कबुलीला उत्तर म्हणून चार्जशीट येत नाही. गेटपास बंद होतो आणि ठेकेदाराचा सुपरवायझर फोनवर सांगतो, "उद्यापासून येऊ नकोस." हा या पट्ट्यातला सर्वात मोठा अन्याय आहे, असं मला वाटतं. त्याच मशीनवर, तीच चूक, तोच होकार. एकाला चौकशी आणि दुसऱ्याला फक्त फोन.

कंत्राटी कामगाराचा मालक कायद्याने ठेकेदार असतो. काढण्याचं पत्र, थकलेला पगार, रजेचे पैसे हे त्याच्याकडे लेखी मागता येतात. सेवा संपल्यावर देणी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची असतात. अप्रेंटिसला कायदा कामगार मानत नाही, त्यामुळे त्याच्या हातात प्रशिक्षणाचा करारच असतो. तो वाचून ठेवावा. मॅनेजरांची गोष्ट आणखी वेगळी. ते "कामगार" या कायदेशीर व्याख्येबाहेर असतात आणि त्यांच्यासाठी नेमणूकपत्रातल्या अटी हाच मुख्य आधार. नुसतं पद "सुपरवायझर" आहे म्हणून मात्र कोणी लगेच बाहेर पडत नाही; प्रत्यक्ष काम काय करता, हे पाहिलं जातं.

लहान कारखान्यांबाबतही सावध राहायला हवं. महाराष्ट्रात स्थायी आदेश ५० कामगारांच्या आस्थापनेपासून लागू व्हायचे. नव्या संहितेत ही मर्यादा ३०० वर गेली आहे. भोसरी-चाकणची असंख्य वर्कशॉप तिच्या खाली येतात. बाजू मांडू दिल्याशिवाय शिक्षा नको, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व तिथेही कामगाराच्या बाजूने उभं राहतं, पण गेटवरच्या फलकावर बोट ठेवून दाखवण्याची सोय राहत नाही.

८. उत्तर कसं लिहायचं

खुलासा देण्यासाठी चार्जशीटमध्ये मुदत दिलेली असते. पुरेशी वाटत नसेल तर ती संपण्याआधी लेखी वाढवून मागा. उत्तर मराठीत लिहिलं तरी चालतं. आपला इन्स्पेक्टर साधारण असं लिहील:

"दिनांक अमुक रोजी दुसऱ्या पाळीत दोन वेळच्या नोंदी मी प्रत्यक्ष न मोजता केल्या, हे मी मान्य करतो. त्या वेळी मला पॅकिंगचं कामही दिलेलं होतं. पाळीची हजेरी पाहावी. कंपनीला फसवण्याचा माझा हेतू नव्हता आणि त्यातून मला कोणताही लाभ झालेला नाही, म्हणून फसवणुकीचा आरोप मला मान्य नाही. विचारल्याबरोबर मी खरी माहिती दिली. माझ्या सात वर्षांच्या सेवेत याआधी कारवाई झालेली नाही. शिक्षेचा विचार करताना हे लक्षात घ्यावं आणि त्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्यावं."

यात घडलं तेवढंच कबूल केलं आहे. जे घडलं नाही ते स्पष्ट नाकारलं आहे. परिस्थिती सांगताना कोणावर ढकललेलं नाही, कंपनीकडेच असलेल्या कागदाकडे बोट दाखवलं आहे. माफी मागायची असेल तर जरूर मागा, पण ती याच चौकटीत. "मी सर्व आरोप मान्य करतो, द्याल ती शिक्षा मंजूर" हे वाक्य कितीही मनापासून आलं तरी लिहू नका. त्या एका ओळीने दुसरा आणि तिसरा प्रश्नही तुम्ही स्वतःच मिटवून टाकता.

दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. हातात पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. आणि काढलंच, तर वाट पाहत बसू नका. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार ९० दिवसांत दाखल करायची असते. बडतर्फीविरुद्धचा वाद थेट न्यायालयात नेण्याची तीन वर्षांची जुनी मुदत नव्या संहितेत दोन वर्षांवर आली आहे. पत्र हातात पडताच युनियन, पुण्यातलं कामगार आयुक्त कार्यालय किंवा कामगार न्यायालयात काम करणारा वकील यांच्यापैकी एकाकडे त्याच आठवड्यात जा, आणि जाताना चार्जशीट, तुमचं उत्तर आणि शेवटच्या पगाराची स्लिप सोबत घ्या.